सिनेमातली मालकीण

मुकुलनं मुंबईहून मोबाइलवर सिनेमाची दोन तिकिटं पाठवली आणि खाली लिहिलं, "एक तुमचं, एक गंगाबाईंचं. शेवटी नावं येतात, तोवर उठू नका."

मुकुल सिनेमे लिहिणारा मुलगा. दीड वर्षापूर्वी तो प्रभावतीबाईंच्या उत्तरेतल्या, नदीकाठच्या दुर्गाघाटावरच्या घरी वरची खोली भाड्यानं घेऊन तीन महिने राहिला होता. प्रभावतीबाई पाटणकर मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान विश्वेशशास्त्री वेदपाठशाळेत शिकवत. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. मुलगी मैत्रेयी लग्न होऊन नाशिकला गेलेली. त्यामुळे घरात त्या एकट्या, आणि सकाळ-संध्याकाळ कामाला येणारी गंगा. मुकुल लिहायला म्हणून आला, पण वरच्या खोलीत कमी आणि खाली स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच जास्त बसायचा. गंगा भांडी घासायची आणि तो तिला विचारत राहायचा. मुंबईहून मोलकरणीचं काम करणारी नटी आली, तीही चार दिवस त्याच मोरीपाशी उकिडवी बसून गंगाकडून भांडी घासायला शिकली. "हात नाजूक आहेत बिचारीचे," गंगा म्हणाली होती, "पण मेहनती आहे मुलगी."

गंगा प्रल्हादघाटाच्या वरच्या वस्तीत राहायची. बावीस वर्षं ह्या घरात काम करून ती मराठी शिकली होती, हिंदी मिसळलेली, लिंगाचा घोळ घालणारी, पण न अडखळता. प्रभावतीबाईंना ती काकू म्हणायची. मैत्रेयीची मुलं सुट्टीत आली की आपसांत हिंदी-इंग्रजीत बोलायची, आणि गंगा त्यांना रागवायची, "आजीशी मराठीत बोला."

सिगरा भागातल्या मॉलमध्ये दुपारचा खेळ होता. गंगानं मैत्रेयीनं दिलेली निळी साडी नेसली होती. सरकत्या जिन्यापाशी ती थबकली, तेव्हा प्रभावतीबाईंनी तिचा हात धरला, आणि मग वरपर्यंत दोघींनी एकमेकींचा हात सोडला नाही. आत गेल्यावर शेजारी शेजारी बसल्या. बसल्यावर प्रभावतीबाईंच्या लक्षात आलं, की बावीस वर्षांत आपण दोघी एका उंचीवर कधी बसलोच नव्हतो. घरात त्या खुर्चीवर असत आणि गंगा फरशीवर. असं कुणी ठरवलेलं नव्हतं. तसंच चालत आलं होतं.

सिनेमा खुनाचा आहे असं सगळीकडे जाहिरातीत होतं. पोस्टरवर रक्ताळलेला सुरा आणि पदराआडून बघणारे एका बाईचे डोळे. नदीकाठचं एक श्रीमंत घर, घरात लग्न, आणि लग्नात मालकिणीचा हार नाहीसा होतो. दर प्रसंगात मागे कुठेतरी ती मोलकरीण उभी. संगीत असं, की तिनं पाणी आणून दिलं तरी छातीत धडधडावं. पोलीस अधिकारी झालेला मोठा नट पडद्यावर आला तेव्हा शिट्ट्या वाजल्या. मागच्या रांगेतला एक तरुण मित्राला म्हणाला, "नौकरानी ही है. देख लेना, बुढ़िया को यही मारेगी."

गंगा हसली. प्रभावतीबाईंच्या कानाशी वाकून म्हणाली, "ही माझीच गोष्ट आहे. बघा, आता चौकीवर बसवतील."

तसंच झालं. पडद्यावरची मोलकरीण चौकीच्या बाकावर बसली. तिच्या वस्तीत तिची पेटी उघडून कपडे रस्त्यावर टाकले गेले. प्रभावतीबाईंनी पाण्याची बाटली उघडली आणि न पिता बंद केली.

बारा वर्षांपूर्वी, वैशाखात, मैत्रेयीच्या लग्नात प्रभावतीबाईंच्या सासूबाईंची नथ सापडेना. बसऱ्याच्या मोत्यांची, चार पिढ्यांची नथ; मैत्रेयीनं ती घालून बोहल्यावर उभं राहायचं होतं. घर पाहुण्यांनी भरलेलं. विश्वेशशास्त्रींचे मोठे भाऊ वासुदेवराव ब्रह्माघाटावर राहत, ते म्हणाले, "घरात बाहेरचं माणूस एकच आहे." त्यांच्या ओळखीनं दोन शिपाई आले. गंगाला सकाळी दहाला नेलं आणि दिवेलागणीला सोडलं. तिच्या वस्तीत तिची पेटी उघडली. नथ मिळाली नाही, गुन्हा नोंदवला गेला नाही, पण गल्लीतल्या सगळ्या मराठी घरांत गोष्ट पोचली होती. गंगाचं काम गेलं, आणि तिच्या आणखी दोन घरांची कामंही गेली. सात महिन्यांनी, मार्गशीर्षात, प्रभावतीबाईंनी स्वतः तिला बोलावणं पाठवलं आणि ती पुन्हा कामाला लागली. एवढीच गोष्ट गंगाला माहीत होती, आणि एवढीच तिनं मुकुलला सांगितली होती.

मध्यंतरानंतर सिनेमा निराळ्याच वाटेला लागला. खून होईना. म्हातारी मालकीण एकटीच घरात फिरत राहिली. एका दुपारी तिनं तांदळाच्या पिंपात हात घातला, आणि हात बाहेर आला तो हार घेऊन. संगीत थांबलं. मालकीण कितीतरी वेळ हाराकडे बघत राहिली. मग तिनं तो पदरात गुंडाळला, कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि देवापुढे जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी तिनं मोलकरणीला परत बोलावलं. मोलकरीण रडत तिच्या पाया पडली. अधिकाऱ्यानं फाइल बंद केली आणि तो निघून गेला. शेवटी पडदाभर फक्त त्या मालकिणीचा चेहरा होता.

"मर्डर तो हुआ ही नहीं," मागचा तरुण म्हणाला. काहीजण हसले. बरेचजण मात्र हसले नाहीत. दिवे लागले तरी बसून राहिले.

प्रभावतीबाईंची नथ तांदळात नव्हती. ती फुलवातींच्या डब्यात होती. त्रिपुरी पौर्णिमेला साडेसातशे वातींचा त्रिपूर लावायचा, त्या वाती त्या वर्षभर वळून एका पत्र्याच्या डब्यात ठेवत, आणि तो डबा तळापर्यंत रिकामा व्हायचा तो कार्तिकातच. लग्नाच्या गडबडीत गंगा देवघर झाडायला आली, तेव्हा ताटलीतली नथ तिच्या नजरेला पडू नये म्हणून त्यांनीच ती घाईघाईनं कापसाखाली खुपसली होती. नंतर त्यांना ते आठवलंच नाही. कार्तिकात वाती काढताना बोटाला तार टोचली. पंचगंगा घाटावर सगळे दिवे लावायला गेले होते, घरात कुणी नव्हतं. त्यांनी यजमानांना सांगितलं नाही, दिरांना नाही, मुलीलाही नाही. महिनाभर विचार केला आणि गंगाला बोलावलं. गंगा खरंच त्यांच्या पाया पडली होती.

"काकू, नावं आली," गंगा म्हणाली. "माझं कुठेय?"

पांढरी अक्षरं वर सरकत होती. गंगाला थोडं वाचता यायचं, पण इतक्या वेगानं नाही. प्रभावतीबाईंनी चष्मा सावरला आणि वाचून दाखवलं, "गंगा देवी, दुर्गाघाट, इनके बिना यह फ़िल्म न बनती." गंगानं मान डोलावली आणि डोळे पुसले.

मैदागिनच्या चौकापर्यंत त्या ई-रिक्षानं आल्या. वाटेत गंगा म्हणाली, "ते शेवटचं मी नाही सांगितलं हां. मुकुलभैयानं मनानं घातलं. मला आवडलं नाही."

"का?"

"झूठ आहे ना. मी त्याला म्हटलं होतं, आमच्या काकूंनी मला परत घरात घेतलं. कोण घेतो? एकदा चोर म्हटलं की दारात कुणी उभं करत नाही. आणि ह्यानं त्याचं असं केलं. लोकांना वाटेल काकू अशा आहेत." तिनं वाऱ्यानं उडणारा पदर सावरला. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. सिनेमा आहे."

दुसऱ्या दिवशी प्रभावतीबाईंनी मुकुलला फोन केला. सिनेमा आवडल्याचं सांगितलं, तब्येतीची चौकशी केली, आणि मग विचारलं, "तो शेवट तुला कुणी सांगितला?"

"कुणी नाही काकू. मलाच सुचला."

"कसा सुचला?"

मुकुल मोकळेपणानं बोलला. "निर्मात्याला खून हवा होता. मोलकरणीनं केलेला, किंवा तिच्यावर आळ आलेला आणि हिरोनं सोडवलेला. दोन्ही लिहून बघितले, दोन्ही खोटे वाटले. मग एकदा गंगाबाईंचं बोलणं आठवलं. सात महिन्यांनी परत बोलावलं म्हणाल्या. मी विचार केला, चोर मिळाला नाही, वस्तू मिळाली नाही, मग माणसं परत का बोलावतील? मला एकच कारण दिसलं. म्हणून तसं..." तो बोलता बोलता थांबला.

प्रभावतीबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काकू," तो हळू आवाजात म्हणाला, "मला खरंच माहीत नव्हतं. मी गोष्ट म्हणून लिहिलं."

"चांगलं लिहिलंस," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

संध्याकाळी त्यांनी मैत्रेयीला नथीचं सांगितलं. मैत्रेयी म्हणाली, "आई, बारा वर्षं झाली. आता सांगून तिला उगाच त्रास. तिच्या मनात तुझी जागा आहे ना, ती राहू दे. तिला काहीतरी चांगलं घेऊन दे. आणि ती काम सोडून गेली तर तुझ्याजवळ कोण आहे तिथे? डोळ्याचं ऑपरेशन आहे तुझं."

"तिला वाटतं मी तिच्यावर उपकार केले."

"वाटू दे की."

मैत्रेयीला न सांगितलेली आणखी एक गोष्ट होती. गंगाची मुलगी रुची त्या वेळी एकोणीस वर्षांची होती आणि तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा चांगला होता, विणकरांच्या सहकारी संस्थेत कारकून. पौषात मुलाकडच्यांच्या कानावर गेलं की मुलीच्या आईला चोरीसाठी चौकीवर बसवलं होतं. गंगा तेव्हा परत कामाला लागली होती. ती प्रभावतीबाईंपुढे हात जोडून उभी राहिली: काकू, तुम्ही एकदा येऊन त्यांना सांगा, चोरी झाली नाही म्हणून, तुम्ही मास्टरीण आहात, तुमचं ऐकतील. प्रभावतीबाई म्हणाल्या होत्या, "मी काय सांगू गं? सिद्ध तर काहीच झालं नाही." त्या वेळी नथ कपाटात होती. लग्न मोडलं. पुढे रुचीला मुगलसरायच्या एका बिजवराला दिलं, तिच्याहून सोळा वर्षांनी मोठा.

चार दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, गंगा स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. प्रभावतीबाई आल्या आणि भिंतीचा आधार घेत तिच्यासमोर फरशीवर बसल्या.

"अहो, गुडघे दुखतील. उठा," गंगा म्हणाली. "काय पाहिजे? मी देते."

त्यांनी मुठीतली नथ तिच्यासमोर फरशीवर ठेवली.

गंगा बघत राहिली. हातातली काडी तशीच हातात. तिनं आधी नथीकडे पाहिलं, मग काकूंकडे, मग पुन्हा नथीकडे. "ही तीच?"

"तीच. मीच ठेवली होती, वातींच्या डब्यात. विसरले."

"कधी मिळाली?"

"त्याच वर्षी. कार्तिकात."

गंगाच्या ओठांची हालचाल झाली. ती महिने मोजत होती. "मला बोलावलं त्याच्या आधी."

"आधी."

"आणि रुचीच्या वेळी? मी आले होते तुमच्याकडे. ह्याच दारात उभी होते. तेव्हा होती तुमच्याजवळ?"

"होती."

बाहेर गल्लीत भाजीवाला ओरडत गेला. गंगानं मेथीची जुडी परातीत ठेवली आणि हात पदराला पुसले. नथीला ती शिवली नाही.

"सिनेमातली मालकीण तर सांगत नाही," ती म्हणाली.

"नाही सांगत."

"मग तुम्ही का सांगितलं?"

प्रभावतीबाईंनी खरं ते सांगितलं. "मला सहन होईना. तू त्या रिक्षात म्हणालीस ना, लोकांना वाटेल काकू अशा आहेत, ते ऐकल्यापासून अन्न जाईना."

"म्हणजे तुमच्यासाठी सांगितलं," गंगा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी बारा वर्षं दर संकष्टीला तुमच्या नावानं दिवा लावते. आपल्याला घरात घेतलं म्हणून. रुची म्हणायची, अम्मा, ते लोक चांगले नाहीत, तू सोड. मी तिच्याशी भांडायची."

ती उठली. मोरीवर हात धुतले, खुंटीवरची पिशवी घेतली. दारापाशी वळली. "मेथी अर्धी राहिली आहे. कुकर लावलाय, दोन शिट्ट्या झाल्या आहेत, आणखी एक होऊ द्या."

ती गेली आणि दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. फोन लागायचा, पण उचलला जायचा नाही. प्रभावतीबाई स्वतः भांडी घासू लागल्या. मोतीबिंदूमुळे खरकटं राहून जायचं. बोटांनी चाचपून पुन्हा घासायच्या.

आठव्या दिवशी त्या काठी घेऊन प्रल्हादघाटाच्या वस्तीत गेल्या. बावीस वर्षांत त्या इथे पहिल्यांदाच येत होत्या. घर विचारत विचारत जावं लागलं. दार रुचीनं उघडलं. आई बरी नाही म्हणून ती मुगलसरायहून आली होती. बारा वर्षांपूर्वीची सडपातळ मुलगी आता अंगानं भरली होती, कपाळावर आठी कायमची बसली होती. गळ्यात शिंप्याची फीत तशीच राहिली होती. तिकडे ती कपडे शिवते, हे प्रभावतीबाईंना गंगाकडून माहीत होतं. आत खाटेवर गंगा भिंतीकडे तोंड करून पडली होती.

रुचीनं त्यांना आत बोलावलं नाही. प्लास्टिकची खुर्ची मात्र बाहेर आणून ठेवली. त्या बसल्या नाहीत.

"मी इथल्या लोकांना सांगायला आले आहे," त्या हिंदीत म्हणाल्या. "गंगानं चोरी केली नव्हती. माझी चूक होती. जिथे पेटी उघडली तिथेच उभं राहून सांगते."

दोन-तीन बायका दारांत आल्या होत्या. रुची ऐकून घेत होती. मग म्हणाली, "यहाँ किसको बताएँगी? यहाँ तो सब जानते थे."

प्रभावतीबाईंना समजलं नाही.

"माझी आई चोर नाही, हे ह्या वस्तीत सगळ्यांना तेव्हाही माहीत होतं," रुची हिंदीतच सावकाश बोलत होती. "पेटी उघडली त्या दिवशी ह्याच बायकांनी कपडे गोळा करून घडी घातली. रात्री जेवायला ह्यांनीच दिलं. इथे कुणी मानलंच नाही. मानलं ते तुमच्याकडच्यांनी. माझं लग्न ठरलं होतं तिथे कळलं ते तुमच्या गल्लीतून. तुम्हाला सांगायचंच असेल तर तिथे सांगा, आपल्या लोकांत."

आतून गंगा म्हणाली, "रुची, राहू दे."

"नाही अम्मा."

प्रभावतीबाईंनी नथ आणली होती. ती रुचीला द्यावी असं वाटेत त्यांच्या मनात आलं होतं. त्यांनी रुमालाची गाठ सोडायला घेतली. रुचीनं त्यांच्या हातावर हात ठेवून गाठ तशीच ठेवली. "ये हमको मत दीजिए," ती म्हणाली. "हमारी नहीं है."

गल्लीतल्या मराठी बायका दर गुरुवारी दुपारी दत्ताच्या देवळात भजनाला जमत. त्या आठवड्यात दत्तजयंतीची तयारी होती, म्हणून पुरुषही आले होते. पंचवीस-तीस माणसं असतील. प्रभावतीबाईंनी गंगाला निरोप धाडला होता, पण ती येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. भजन संपता संपता ती आणि रुची दारापाशी येऊन उभ्या राहिल्या. कुणीतरी सरकून जागा केली, तरी त्या बसल्या नाहीत.

प्रभावतीबाई उठल्या. चाळीस वर्षं वर्गात उभं राहून बोललेली बाई, पण त्यांना समोरच्या खांबाला धरावं लागलं. रुमाल सोडून त्यांनी नथ तळहातावर घेतली.

"ही आमची नथ," त्या म्हणाल्या. "मैत्रेयीच्या लग्नात चोरीला गेली असं आपण सगळे म्हणालो. ती चोरीला गेली नव्हती. मीच ठेवून विसरले होते. सहा महिन्यांनी मला मिळाली, आणि मी कुणाला सांगितलं नाही. गंगावर आळ राहू दिला. तिच्या मुलीचं लग्न मोडलं तेव्हाही तोंड उघडलं नाही. ह्यात यजमानांचा दोष नाही, त्यांना माहीत नव्हतं. दोष माझा आहे."

वासुदेवराव पुढे खुर्चीवर बसले होते. ऐंशीच्या घरातले. "प्रभावती, ही जागा आहे का हे बोलायची?" ते म्हणाले.

"चोरीची गोष्ट बोलली गेली इथूनच, भाऊजी."

"घराण्याचं नाव आहे काही."

"तिचंही होतं."

वासुदेवराव उठले, नातवाचा खांदा धरून बाहेर गेले. जाताना ते गंगाच्या अगदी जवळून गेले आणि त्यांनी मान वर केली नाही. बाकीचे बसून होते. एक बाई पुटपुटली, "लग्नाच्या घरात होतं असं." कुणी तिला दुजोरा दिला नाही. दारातून रुची म्हणाली, "हिंदी में भी कह दीजिए. अम्मा सुन ले."

गंगाला मराठी येत होतं, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. प्रभावतीबाईंनी तरी पुन्हा सुरुवात केली, हिंदीत, पहिल्यापासून, एकही वाक्य न गाळता. लग्न मोडल्याच्या वाक्याला त्यांचा आवाज गेला. त्या थांबल्या, घोटभर पाणी प्यायल्या आणि ते वाक्य परत म्हणाल्या. गंगा सगळा वेळ त्यांच्याकडे बघत होती. शेवटी तिनं पदर डोक्यावर घेतला, दत्ताला नमस्कार केला आणि मुलीबरोबर गल्लीत उतरली. दोघी नेहमीच्या चालीनं गेल्या, घाई न करता.

गंगा परत कामाला आली नाही. ब्रह्माघाटावरच्या एका घरानं तिला बोलावलं. तिनं नाही म्हणून सांगितलं. पुढे ती शहराच्या लंका भागात शिकणाऱ्या मुलींच्या एका वसतिगृहात पोळ्या करायला लागली. वासुदेवरावांनी प्रभावतीबाईंशी बोलणं टाकलं. भजनाला काहीजणी त्यांच्या शेजारी बसेनाशा झाल्या, आणि एक-दोघी, ज्या पूर्वी कधी बोलत नव्हत्या, त्या मुद्दाम येऊन बसू लागल्या. मैत्रेयी महिनाभर रागावून होती. मग सुट्टी काढून आली, आईचं ऑपरेशन करवून घेतलं, आणि जाताना नथ घेऊन गेली. ती घालणार की नाही, हे तिनं सांगितलं नाही आणि आईनं विचारलं नाही.

फाल्गुनात एकदा विश्वेश्वरगंजच्या बाजारात प्रभावतीबाई हळद घेत होत्या. दुकानदार पुडी बांधत असताना गंगा शेजारच्या दुकानातून बाहेर आली. हातात गुळाची ढेप होती. दोघींनी एकमेकींना पाहिलं. गंगा निघून जाईल असं प्रभावतीबाईंना वाटलं, आणि ती तशी दोन पावलं गेलीही. मग उभी राहिली.

"आँख का हो गया?" तिनं विचारलं.

"झालं. उजव्याचं झालं. डाव्याचं चैत्रात."

"कोई है साथ में?"

"मैत्रेयी येणार आहे."

गंगानं मान हलवली. वसतिगृहात आता साठ मुली आहेत, सकाळी पाचला जावं लागतं, असं ती म्हणाली, हिंदीतच म्हणाली. रुचीनं एक शिलाई मशीन आणखी घेतलंय, आणि धाकट्याला तिकडच्या शाळेत घातलंय. प्रभावतीबाईंनी त्याचं नाव विचारलं. गंगानं सांगितलं, निनाद. मग तिनं ढेप ह्या हातातून त्या हातात घेतली, "चलती हूँ" म्हणाली आणि गर्दीतून लंकेच्या ऑटोकडे निघाली.